ठणठणीत जुळी

शर्वरी सूर्यवंशीला एक जुळी बहीण होती आणि ती शर्वरीपेक्षा ठणठणीत होती. ही गोष्ट सासूला माहीत होती, नवऱ्याला माहीत होती, सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीला माहीत होती. फक्त शर्वरीला माहीत नव्हती.

शर्वरी विटा डेपोची कंडक्टर. सहावा महिना लागल्यावर तिला गाडीवरून उतरवून स्टँडच्या चौकशी खिडकीत बसवलं होतं. आवाज पहिल्यापासून खणखणीत, त्यामुळे माईक तिच्या हातात आला आणि स्टँडला शिस्त लागली. गाड्या आता विजेवर चालत होत्या, आवाज न करता फलाटाला लागत होत्या, म्हणून तर पुकारणारं माणूस जास्तच लागायचं. नाहीतर म्हाताऱ्या माणसांना गाडी आली कधी आणि गेली कधी ते कळायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती खिडकीत पेरू खात होती. बाबर ड्रायव्हर तासगावहून गाडी लावून आले आणि खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले. पंचावन्नच्या पुढचा माणूस, मिशा पांढऱ्या, जीभ तिखट.

"मास्तर, पेरू पांढरा हाय का लाल?"

"पांढरा आहे, मामा. घ्या अर्धा."

"मग ह्यो चावलेला भाग लाल कशानं झाला?"

शर्वरीने पेरूकडे बघितलं. दातांच्या खुणेत रक्त भरलं होतं. तिने जीभ हिरड्यांवरून फिरवली. खारट लागलं.

"पोटुशी बाईच्या हिरड्या सुजतात. सासूबाई म्हणतात, होतं असं."

"आन् कोपरापाशी ह्यो काळानिळा डाग?"

"टेकले असेन कुठंतरी."

"टेकल्यावर डाग पडायला तू काय केळं हायस? दवाखान्यात सांगितलंस का?"

"दवाखान्याची बोलणारी डबी आहे घरी. रोज संध्याकाळी विचारते सगळं. आई सांगतात तिला."

"कुणाची आई?"

"सासूबाई हो."

"म्हंजे आजारी तुझी सासू हाय म्हण की."

शर्वरी हसली. हसताना नाकातून काहीतरी ओघळलं. तिने रुमाल लावला. रुमाल लाल झाला. मग ती हसायची थांबली.

तिला जे सांगितलं होतं ते इतकंच होतं: रक्तात पांढऱ्या पेशी जरा जास्त आहेत, गरोदरपणात कधी कधी होतं, काळजीचं कारण नाही. धैर्यशील, तिचा नवरा, आठवड्यातून तीनदा तिच्या मांडीत इंजेक्शन द्यायचा. ताकदीचं म्हणायचा. त्यानंतर तिला हुडहुडी भरायची, अंग मोडून यायचं. ताकद येतेय म्हणून सासू वरून गोधडी घालायची. सहा वर्षांनी पोट राहिलं होतं, त्याआधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली होती, त्यामुळे या वेळेला शर्वरीने कुणालाच काही विचारलं नव्हतं. जे द्याल ते खाते, जे टोचाल ते टोचा, एवढं पोर सुखरूप बाहेर येऊ दे. मोठ्या आवाजाची बाई घरात अशी मुकी होऊन बसली होती.

आता आजार काय होता ते सांगतो. तिला कुणी सांगितलं नाही, निदान तुम्हाला तरी कळू दे.

हाडांच्या पोकळीत मगज असतो, तिथे रक्त तयार होतं. तिथल्या एका पेशीत दोन गुणसूत्रं तुटली आणि चुकीची टोकं एकमेकांना चिकटली. त्या जोडातून एक बटण तयार झालं, कायम चालू राहणारं. पेशी वाढव, वाढव, वाढव, एवढाच हुकूम. हा ब्लड कॅन्सरचा संथ प्रकार. यावर गोळ्या आहेत, बटण बंद करणाऱ्या, आणि त्या गोळ्यांवर माणसं पंचवीस-तीस वर्षं आरामात जगतात. पण पोटात बाळ असेल तर त्याच गोळ्या बाळाची घडण बिघडवू शकतात. मग काय करतात? आजार संथ असेल तर थांबतात. बाळाला न बाधणारं एक इंजेक्शन देऊन पेशी आवाक्यात ठेवतात, बाळ बाहेर येईपर्यंत वाट बघतात. हे थांबणं चुकीचं नाही. पण थांबायचं ते डोळे उघडे ठेवून. कारण हा आजार कधीकधी उलटतो. संथ पाणी अचानक पुराचं होतं. कच्च्या पेशी रक्तात उतरतात, रक्त गोठवणारे कण कमी पडतात, हिरड्या गळतात, टेकलं तरी डाग पडतात, प्लीहा फुगून पोटात डाव्या बाजूला दगडासारखी बसते. त्या वेळी एकेक आठवडा मोलाचा असतो.

कधी थांबायचं आणि कधी थांबायचं नाही, हे ठरवण्यासाठीच जुळी होती.

सांगलीच्या रक्तरोग केंद्रात प्रत्येक रोग्याची अशी एक जुळी संगणकात वाढवत होते. शर्वरीचं रक्त, तिची गुणसूत्रं, तिचं वजन, तिच्या पोटातल्या बाळाचं माप, सगळं घालून तिच्यासारखीच एक शर्वरी. तिला आधी औषध द्यायचं, काय होतं बघायचं, मग खऱ्या बाईला द्यायचं. तिचे पुढचे महिने पळवून बघायचे. यंत्र खोटं नव्हतं, हे लक्षात ठेवा. यंत्राने अनेक बायका वाचवल्या होत्या. लांबच्या गावातल्या बायकांना दर आठवड्याला रक्त द्यायला खेटे घालावे लागू नयेत, हा तर त्याचा मोठा गुण. दंडावरची पट्टी ताप आणि नाडी कळवायची, आणि घरी दिलेली एक पांढरी डबी रोज संध्याकाळी सात वाजता मराठीत प्रश्न विचारायची. उत्तरं चांगली आली की जुळी चांगली. जुळी चांगली तर रक्ततपासणी लांबली तरी चालेल.

सात वाजता. कुठल्यातरी थंडगार कचेरीत बसून कुणीतरी ही वेळ ठरवली होती, सगळी माणसं त्या वेळी घरी असतात म्हणून. त्या शहाण्याला हे माहीत नव्हतं की या भागातल्या घरांत ती दिवेलागणीची वेळ असते. देवापाशी दिवा लागला की वाईट शब्द काढायचा नाही. वास्तू तथास्तु म्हणते. दुखतंय म्हणालात तर दुखणं पक्कं होईल.

आणि सासूने डबी ठेवली होती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर.

*

नाकाचं रक्त थांबेना म्हणून शर्वरी त्या दिवशी शेवटच्या गाडीची वाट न बघता घरी आली. बाबरांनीच मोटारसायकलवरून सोडलं. दार उघडं होतं. आत उदबत्तीचा वास. सासू, उज्ज्वलाबाई, देव्हाऱ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. धैर्यशील मागे खुर्चीत, अंगावर कामाचे कपडे. त्याचे वाडवडील देशभर फिरून सोनं-चांदी गाळायचे. हा आता जुन्या फोनमधलं सोनं गाळायचा.

डबी बोलत होती. गोड, शिकवलेला, बाईचा आवाज.

"रुग्ण स्वतः बोलत आहेत का?"

"हो, मी शर्वरीच बोलतेय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

शर्वरी उंबऱ्यातच थांबली.

"आज हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं का?"

"नाही हो. काही नाही."

"अंगावर नवे डाग?"

"छान आहे अंग."

"पट्टीवर ताप दिसतो आहे."

"इंजेक्शनचा असतो तो. तुमचाच आहे."

"जेवण?"

"दोन भाकरी खाल्ल्या."

शर्वरीने त्या दिवशी अर्धा पेरू खाल्ला होता. धैर्यशील खाली बघून बूट काढत होता. हे तो रोज ऐकत असणार, त्याच्या चेहऱ्यावर दचकणं नव्हतं.

"धन्यवाद, शर्वरी," डबी म्हणाली. "तुमच्या ब्लड कॅन्सरची स्थिती स्थिर आहे. तुमच्या जुळीचा अंदाज चांगला आहे. पुढची रक्ततपासणी आणखी लांबवली तरी चालेल. बाळासाठी शुभेच्छा."

असा कळला तिला तिचा आजार, एका डबीकडून, तिचंच नाव घेऊन दुसरीला सांगताना.

तिच्या हातातून रुमाल पडला. त्याचा आवाज कसला येणार? पण उज्ज्वलाबाईंनी वळून बघितलं.

"अगं बाई. तू कधी आलीस?"

"काय म्हणाली ती?"

"कोण? डबी? ती काहीही बोलते. मशीनच ते."

"आई, काय म्हणाली ती? कसला कॅन्सर?"

"हळू!" उज्ज्वलाबाई उठल्याच. "दिवा लागलाय गं. असले शब्द तोंडातून काढू नकोस. वास्तू—"

"वास्तू गेली खड्ड्यात."

"शर्वरी," धैर्यशील म्हणाला, "बस आधी. मी सांगणारच होतो. बाळंतपण झाल्यावर."

"बाळंतपण झाल्यावर! आणि झालंच नसतं तर? दहाव्याला सांगणार होतास? पिंडाला?"

तिने आजवर त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्या थांबलं तर चालतं. तुला कळलं असतं तर तू धसका घेतला असतास. दोन वेळा काय झालं ते विसरलीस का? मला वाटलं—"

"तुला वाटलं! माझ्या अंगात रोग आणि वाटायचं तुला!" तिने बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग. "हे काय आहे? मांडीत टोचतोस तेव्हा दिसत नाही? तुझ्या आईने काल पाठीला तेल लावलं, तिला दिसलं नाही?"

उज्ज्वलाबाईंचा हात आपोआप दिव्याकडे गेला, ज्योतीला आडोसा धरला. जणू तिच्या शब्दांचा वारा लागून तो विझणार होता.

आणि ते बघून शर्वरीच्या डोक्यात काहीतरी तुटलं. ती देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. स्टँडवरच्या तिसऱ्या फलाटापर्यंत जाणारा आवाज तिने त्या दहा बाय दहाच्या खोलीत काढला.

"कॅन्सर! ऐकलं का? शर्वरी धैर्यशील सूर्यवंशीला कॅन्सर झालाय! तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय, नाकातून येतंय, तिला घास जात नाही, तिच्या बरगडीखाली दगड बसलाय! म्हण तथास्तु! काय म्हणायचं ते म्हण! निदान तुला तरी खरं कळलं!"

शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघायला लागली. उज्ज्वलाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. धैर्यशील म्हणाला, "लोक ऐकतात, शर्वरी."

"फोनमधनं सोनं काढतोस ना रे तू? आणि ह्या डबीत माझ्या नावाने काय भरलंस? ह्याला गाळ एकदा. बघ काय हाताला लागतं."

दारात बाबर अजून उभे होते. मोटारसायकलची किल्ली हातात. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, सकाळची पयली सांगली माझी हाय. माझ्या मागची शीट धरून ठेवतो."

*

डॉक्टर नसरीन मुजावर चाळिशीच्या, हुशार आणि थकलेल्या बाई होत्या. रक्ताचा अहवाल बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भिंतीवरचा पडदा चालू केला.

तिथे जुळी उभी होती. शर्वरीने तिला पहिल्यांदा बघितलं. तिच्याच उंचीची, तिच्याच बांध्याची, आरपार दिसणारी. आतलं सगळं निळ्या-गुलाबी रंगात चालू होतं. प्लीहा लहान, बरगडीखाली नीट झाकलेली. कातडी स्वच्छ. पोटात बाळ आणि बाळाचं हृदय टिकटिकतंय. दोन भाकरी खाणारी, कधी न दुखणारी, कधी उलट न बोलणारी.

"ही कोण?" शर्वरीने विचारलं.

"ही तुमची जुळी. आमच्या हिशोबाने तुम्ही अशा असायला हव्या होतात."

"सासूबाईंना हवी तशी सून आहे ही. तुम्ही घडवलीत छान."

डॉक्टरांनी मान खाली घातली नाही, पण नजर चुकवली. "तुमच्या यजमानांनी मला शब्द दिला होता, मी घरी समजावून सांगतो म्हणून. बाहेर शंभर माणसं उभी होती. मी विश्वास ठेवला. चुकलं माझं."

"मी त्या दिवशी याच खुर्चीत बसले होते, डॉक्टर. तुमच्यासमोर. तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवलात, माझं रक्त घेतलंत, आणि बोललात कुणाशी? भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाशी. माझं तोंड कुठे गेलं होतं?"

शर्वरीने उत्तराची वाट बघितली नाही.

"तुमच्याकडे अशा किती जुळ्या आहेत?"

"अडीचशेच्या आसपास."

"त्यातल्या खऱ्या किती?"

हा प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. यंत्र मोजत होतं, आलेख निघत होते, परिषदांत टाळ्या पडत होत्या. अडीचशे घरांत संध्याकाळी सात वाजता कोण बोलतं, हे बघायला कुणी गेलं नव्हतं.

"आता हिला खरं सांगा," शर्वरी पडद्याकडे बोट करून म्हणाली. "मी बोलते, तुम्ही घाला."

आणि तिने सांगितलं. जेवताना दोन घासांत पोट भरायला लागलं ते कधीपासून. पहिला डाग कुठे. हाडं आतून ठणकायची ती रात्र. दात घासताना बेसिन लाल व्हायचं, ते सासूबाई पाणी टाकून धुवायच्या. सकाळचं रक्त आणि ही सगळी उत्तरं घेऊन यंत्र मागे गेलं आणि पुन्हा पुढे निघालं.

जुळी आजारी पडायला लागली.

शर्वरीने महिना-दीड महिना जे सोसलं होतं ते जुळीला एका मिनिटात झालं. प्लीहा फुगत गेली, बाळाच्या अंगावर रेलली. मगजात कच्च्या पेशी उकळून वर आल्या आणि रक्तात सांडल्या. कातडीवर डाग उमटले, दंडावर, मांडीवर. शर्वरी उठून पडद्यापाशी गेली. आता ती बाई तिच्यासारखी दिसत होती.

"आता ओळख पटली," ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून धैर्यशील आत आला. मागोमाग उज्ज्वलाबाई, हातात पिशवी, पिशवीत ती पांढरी डबी. ते मागच्या गाडीने आले होते.

डॉक्टर सवयीने त्याच्याकडे वळल्या. "हे बघा, धैर्यशील, परिस्थिती अशी आहे—"

शर्वरीने टेबलावर थाप मारली. औषधाच्या कंपनीने दिलेलं प्लॅस्टिकचं हृदय टेबलावरून खाली पडलं.

"डॉक्टर. इकडे."

डॉक्टर मुजावर थांबल्या. त्यांनी खुर्ची सरकवली, शर्वरीच्या समोर आणली आणि बसल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"शर्वरी," त्या म्हणाल्या, "आजार उलटलाय. आता थांबता येणार नाही. उद्यापासून केमो सुरू करायला लागेल आणि बटण बंद करणारी गोळीही. पहिले तीन महिने उलटून गेलेत, बाळाचे अवयव तयार झालेत, त्यामुळे ह्या औषधांत बाळं तगतात. पण धोका आहे. बाळ लहान राहू शकतं, लवकर काढायला लागू शकतं, त्याचंही रक्त काही दिवस कमी पडू शकतं. तुम्हाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. दीड महिन्यापूर्वी कळलं असतं तर मी हेच जास्त विश्वासाने सांगितलं असतं."

"आणि नाही केलं तर?"

"तर बाळ जगण्याएवढं मोठं व्हायच्या आत तुम्ही जाल. आणि तुमच्याबरोबर ते."

धैर्यशीलच्या तोंडून आवाज आला. "दुसरा काही मार्ग... म्हणजे बाळाला औषध न लागता... दोन-तीन आठवडे फक्त..."

"तीन आठवडे काय करणार आहेस?" शर्वरी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "डबीला उत्तरं देणार?"

"मला दोघंही हवे होते गं. म्हणून केलं."

"खोटं बोलू नकोस. तुला बाळ हवं होतं आणि मी आपोआप राहीन असं वाटलं होतं. घरातल्या भिंतीसारखी. भिंतीला काय होतंय?" ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "माझ्या पोराला आई पाहिजे, धैर्यशील. हार घातलेला फोटो नको. डॉक्टर, उद्या कशाला? आज सुरू करा. आणि इथून पुढे जे काही विचारायचं ते मला. मी बेशुद्ध असले तर मला शुद्धीवर आणून विचारा."

"दवाखान्यात कुणाचा नंबर देऊ जवळचा म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"हणमंत बाबर. ड्रायव्हर. विटा डेपो."

धैर्यशील उभाच होता. त्याला बस म्हणायला कुणालाही सुचलं नाही.

*

केमोच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे केस उशीवर राहायला लागले. तोंड आतून सोललं. बाळाच्या हृदयाची तार पोटाला लावलेली होती, आणि ते घोड्याच्या टापांसारखं पळत होतं. लहान आहे, डॉक्टर रोज म्हणायच्या, पण चिवट आहे. आईवर गेलंय. बाबर एक दिवसाआड यायचे आणि पलंगाशेजारी बसून डेपोतल्या सगळ्यांना यथेच्छ शिव्या द्यायचे. खिडकीत नवीन पोरगा बसवलाय, मास्तर, गाडी गेल्यावर पुकारतोय.

धैर्यशीलही यायचा. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. पडदा ओढ. नीघ आता.

वॉर्डात सात बायका होत्या. कुणी पोटुशी, कुणी नुकती बाळंत झालेली, कुणी सासरहून आलेली, कुणी माहेरहून. सगळ्यांना रक्ताचा कुठला ना कुठला आजार, आणि सगळ्यांना घरच्यांनी काहीतरी वेगळंच सांगितलेलं. कुणाला काविळीची पुढची पायरी, कुणाला अंगात रक्त कमी. शर्वरीच्या शेजारच्या पलंगावर रुक्साना होती, बावीस वर्षांची, जतकडची. तिला सांगितलं होतं की उष्णतेने असं होतं.

त्या संध्याकाळी शर्वरी डोळे मिटून पडली होती. बाहेर बाकांवर नातेवाईक डब्या घेऊन बसले होते; माणूस दवाखान्यात भरती असलं तरी डबीचे प्रश्न चालूच राहायचे. सात वाजले आणि बाहेर एकदम सगळ्या डब्या बोलायला लागल्या. एकच गोड आवाज, सात तोंडांनी, थोडा पुढेमागे.

रुग्ण स्वतः बोलत आहेत का? रुग्ण स्वतः बोलत आहेत का?

आणि उत्तरं आली. हो, मीच. बरं आहे. काही नाही. जेवली छान. जेवले, जेवले, मीच जेवले. झोप लागली. अल्लाच्या कृपेने. देवाच्या दयेने. पुरुषांचे जाड आवाज, म्हाताऱ्यांचे आवाज, बायकांची नावं घेऊन. आत रुक्साना उशीत तोंड खुपसून कण्हत होती, कारण तिचं मांडीचं हाड दुखण्याने फुटत होतं, आणि बाहेर तिचा दीर सांगत होता की आज एकदम फ्रेश आहे.

इतक्या दिवसांत डॉक्टरांनी काही केलं नव्हतं असं नाही. डब्यांबद्दल वर पत्र पाठवलं होतं. वरून उत्तर आलं होतं की विषय समितीपुढे ठेवू.

शर्वरी उठली. सलाइनचा स्टँड धरून, एका हाताने पोटाखाली आधार देत, ती दारापर्यंत गेली. डोकं उघडं, केस गेलेले, ओठ फाटलेले, दवाखान्याचा झगा पाठीवर सुटलेला. बाकांवरची माणसं तिच्याकडे बघून गप्प झाली. तिने श्वास घेतला. माईक नव्हता. लागलाही नाही.

"लक्ष द्या! लक्ष द्या! बाकावर बसलेल्या सगळ्या नातेवाइकांसाठी सूचना! आपापल्या हातातल्या डब्या ताबडतोब आत आणून द्याव्यात! दुखणं आत आहे! तोंडं आत आहेत! ज्यांच्या अंगात कॅन्सर आहे त्या आत आहेत, आणि त्या अजून मेलेल्या नाहीत! बाहेरच्यांनी त्यांच्या नावाने बोलणं बंद करावं! सूचना समाप्त!"

रुक्सानाचा दीर उभा राहिला. "ताई, काय बोलताय? तिला माहीत नाही अजून."

"आता झालं माहीत. आण इकडे ती डबी. का येऊ मी?"

मागून आवाज आला. रुक्साना पलंगाला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, पण हात पुढे होता. "दो, भय्या," ती म्हणाली. दिराने डबी दिली. ती ओठांजवळ धरून रुक्साना म्हणाली, "हो. मी रुक्साना बोलते. हाड दुखतंय. लई दुखतंय." आणि रडायला लागली, आणि रडत रडत सगळं सांगायला लागली.

मग आणखी एक जण उठला. मग एक म्हातारी. सगळे नाही उठले. एक जण तर डबी खिशात घालून जिन्याने खाली निघून गेला. पण आतून त्याच्या बायकोने त्याला नावाने हाक मारली, अशी हाक की जिन्यातल्या माणसाचे पाय अडकले.

बाकाच्या टोकाला उज्ज्वलाबाई बसल्या होत्या. रोज येत होत्या, नर्स शर्वरीचं अंग पुसायची ते दारातून बघायच्या, आत यायची हिंमत करत नव्हत्या. मांडीवर डबी. तिच्यातून तोच प्रश्न तिसऱ्यांदा येत होता आणि त्या उत्तर देत नव्हत्या. शर्वरीने हात पुढे केला. त्यांनी डबी दिली.

"रुग्ण स्वतः बोलत आहेत का?"

"हो," शर्वरी म्हणाली. "स्वतः. लिहून घे. तोंडात फोड आहेत. गिळवत नाही. सकाळी उलटी झाली, थोडं रक्त होतं. ताप आहे आणि तो इंजेक्शनचा नाही. पायाला सूज आहे. जेवण, वाटीभर पेज, तीही जबरदस्तीने. डाग, दंडावर दोन नवे."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

"पाठीवर," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

शर्वरीने वळून बघितलं. म्हातारीचे हात कानांकडे जायला उठले होते आणि वाटेतच थांबले होते. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. कुठल्यातरी मंदिरात आरतीची घंटा चालू झाली होती.

"पाठीवरचा डाग सांगितला नाहीस. खांद्याच्या खाली. तुला दिसत नाही तो. वाढलाय. परवापेक्षा वाढलाय." त्यांचा आवाज बारीक झाला. "आधी सुपारीएवढा होता. मी रोज बघत होते."

रोज बघत होते. शर्वरीच्या अंगात सरसरून राग चढला, इतका की स्टँड हलला. हे कधी माफ होणार नव्हतं, आज नाही, पोर मोठं झाल्यावरही नाही, आणि दोघींनाही ते समजलं.

तिने डबी तोंडाजवळ धरली.

"आणखी एक डाग," ती म्हणाली. "पाठीवर. आणि थांब, बंद होऊ नकोस. किती मोठा ते ह्या सांगतील."